रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत

"त्या बाईला सांग गो, तिचा पंखा कुरकुरतोय. तेल घाल म्हणावं दोन थेंब. मघापासून कपाळ उठलंय माझं."

मंजुळाअक्का हे भिंतीकडे तोंड करून पुटपुटली. तिचा आवाज आता पुटपुटण्यापुरताच उरला होता, त्यामुळे एरवी ते खोलीबाहेरही गेलं नसतं. पण तिची धाकटी बहीण दीक्षा खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला होता, आणि हजेरी देताना चालू केलेला माइक बंद करायचा राहून गेला होता. अलिबागपासून चिपळूणपर्यंतच्या बत्तीस नर्सेसनी अक्काची तक्रार स्वच्छ ऐकली. पडद्यावरच्या निम्म्या चौकोनांत तोंडावर हात गेले.

शिकवणाऱ्या गवाणकर मॅडम बोलता बोलता थांबल्या. चष्म्यावरून वर बघितलं, उठल्या, पंखा बंद करून परत येऊन बसल्या.

"ज्यांनी कुणी सांगितलं त्यांचे आभार. आमच्या घरात चार वर्षं हे कुणाला ऐकू येत नव्हतं. हं, कुठे होतो आपण?"

दीक्षाचे कान तापले. तिने घाईघाईने माइक बंद केला. अक्का मात्र खुशीत होती.

"बघ. एवढी शिकलेली बाय, पण ऐकली माझं. तू ऐकतेस कधी?"

दीक्षा एकोणचाळीस वर्षांची. महाडच्या एका खासगी हॉस्पिटलात सोळा वर्षं स्टाफ नर्स. रोज पोलादपूरहून एसटीने जायचं, एसटी चुकली तर वडापच्या जीपमध्ये अर्ध्या सीटवर बसून. बारावीनंतर तिने नर्सिंगचा डिप्लोमा केला होता, आणि तेवढ्यावर सगळं बरं चाललं होतं. मग अंकिता आली. या अंकिताला म्हाताऱ्यांच्या हाताची शीर सापडत नसे, घाम फुटायचा, तेव्हा दीक्षानेच तिचं बोट धरून शीर चाचपायला शिकवलं होतं. दोन वर्षांत तीच अंकिता वॉर्डची इन्चार्ज झाली, कारण तिच्याकडे डिग्री होती. बिचारी अजूनही "ताई, जरा बघता का" म्हणून बोलवायला यायची, पण ड्यूटी लावायची तीच.

म्हणून ही ऑनलाइन पदवी. माहितीपत्रक चकचकीत होतं. 'या अभ्यासक्रमाकडून काय अपेक्षा ठेवाल' असं एक अख्खं पानच होतं त्यात. सोयीच्या वेळी शिका, असं लिहिलं होतं. सोय कुणाची ते लिहिलं नव्हतं. आठवड्याला फक्त बारा तास, असंही होतं. त्या बारा तासांत डोळे उघडे ठेवायला लागणारी ताकद कुठून आणायची, हे पत्रकवाल्यांनी विद्यार्थिनीवर सोडलं होतं. दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर 'आपण उपस्थित आहात का?' असं विचारणारं बटण यायचं. ते दाबलं नाही की तास बुडाला. दिवसभर वॉर्डात उभी राहिलेली दीक्षा साडेसहाच्या तासाला पेंगायची, आणि मग खाटेवरून एक काडीसारखा हात खाली यायचा, बटण दाबायचा.

"झोप तू," अक्का म्हणायची. "मी हाय हजर."

पोलादपूरच्या त्या घरात मोबाइलला रेंज म्हणावी अशी एकाच खोलीत यायची, हायवेच्या बाजूच्या खिडकीपाशी. जूनपासून तिथे अक्काची खाट होती. उजेड आणि वारा दोन्ही तिथेच. तेव्हा दीक्षाचं कॉलेज आणि अक्काचं आजारपण एका खोलीत राहायला आली, आणि अक्का फुकटात नर्सिंग शिकायला लागली. भेटायला आलेल्या बायकांना ती आता "कुशीवर नाय वळवलं तर पाठीला फोड येतात, दर दोन तासाला वळवायचं" असं सांगायची. त्या माना डोलवायच्या.

अक्का दीक्षापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आईबाप गेले तेव्हा दीक्षा नववीत होती, पाचाडजवळच्या बौद्धवाडीत. अक्काचा नवरा त्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही. तिने बहिणीला घेऊन बिरवाडी गाठली, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ घातली. सकाळी चाळीस डबे, संध्याकाळी पंगत. दीक्षाचा डिप्लोमा त्या चुलीवर शिजला. डोक्याला पांढरी टोपी घातलेला तिचा फोटो खानावळीत हात धुवायच्या जागेवर लावला होता. जेवायला येणारा प्रत्येक जण हात धुताना तो बघायचा, आणि ज्याने विचारलं नाही त्यालाही अक्का सांगायची, "भैन हाय माझी. शिस्टर."

आता अक्का त्याच शिस्टरच्या घरात होती, आणि अक्काला काय झालंय ते शिस्टरला पहिल्या सोनोग्राफीलाच कळलं होतं. आजार स्वादुपिंडात सुरू होऊन यकृतावर पोचला होता. घरात त्याला 'सूज' म्हणायचे. हा शब्द दीक्षाच्या नवऱ्याने, बुद्धरत्नने, पहिल्यांदा काढला. तो शाळेत क्लार्क. अवघड गोष्ट सोप्या शब्दात बसवायची त्याला सवय. मग सगळ्यांनीच तो उचलला. शेजारणी दारातून विचारायच्या, "सूज उतरली का?" आणि दीक्षा म्हणायची, "उतरतेय हळूहळू." मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा तिला कॉरिडॉरमध्ये गाठून एवढंच सांगितलं होतं, "डोस देऊन बघू. पण सिस्टर, तुम्ही यातल्याच आहात. तुम्हाला वेगळं सांगायला नको." दीक्षाने मान हलवली होती. न सांगितल्याबद्दल तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

तेव्हापासून दर तिसऱ्या मंगळवारी मुंबई. पहिल्या डोसला वीर स्टेशनवरून रेल्वेने गेल्या. परतताना रिक्षा येईपर्यंत अक्का स्टेशनच्या बाकावर बसून ओकत राहिली. दुसऱ्या-तिसऱ्याला जीप केली. तिसऱ्यापर्यंत अक्काला स्वतःच्या पायांनी संडासलाही जाता येईनासं झालं. चौथा डोस येत्या मंगळवारी होता. बुद्धरत्नने जीप सांगून ठेवली होती. तो रोज संध्याकाळी शहाळं घेऊन यायचा आणि उभ्याउभ्याच बोलायचा.

"अक्का, हा डोस झाला की निम्मं काम झालं. वैशाख पौर्णिमेला नागपूरला जाऊ सगळे. तुमचं तिकीट आधी काढतो."

"काढा, जावईबापू," अक्का म्हणायची. "खिडकीकडलं काढा."

आणि तो गेला की शहाळं तसंच राहायचं.

या सत्राला केस स्टडी होती. घरी सांभाळलेल्या एका रुग्णाचा सहा आठवड्यांचा शुश्रूषा आराखडा लिहायचा. दीक्षाला रुग्ण शोधायला लांब जायचं नव्हतं. तिने अक्काला विचारलं, तर अक्का एवढी हरखली की उठूनच बसायला निघाली. "माझ्यावर लिवणार? आन ते डिग्रीला चालतं?"

आराखड्यात रकाने होते. नर्सला काय दिसलं, त्याचा एक. ध्येय काय, त्याचा एक. आणि सगळ्यांत पहिला रकाना, 'रुग्णाची तक्रार, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत'.

आता वॉर्डातली एक वाईट खोड इथे सांगायला हवी. सकाळच्या घाईत तीस पेशंटांचा ताप आणि नाडी बघायची, तर काही जणी खुर्चीवरून उठतच नाहीत. टेबलाशी बसून चार्ट भरतात. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी अठ्ठ्याहत्तर, सगळ्यांना सारखं. दीक्षाने या गोष्टीवरून आजवर कितीतरी पोरींना रडवलं होतं. "पेशंट मेलेला असला तरी त्याची नाडी अठ्ठ्याहत्तर लिहाल तुम्ही," असं तिचं बोलणं वॉर्डात प्रसिद्ध होतं.

त्याच दीक्षाने सहाच्या सहा आठवडे तो पहिला रकाना स्वयंपाकघरात बसून भरला. पुढच्या खोलीत अक्का जागी होती. उठून विचारायला दहा पावलं चालावी लागली असती.

'मला आता पूर्वीपेक्षा आराम वाटत आहे.' 'भूक थोडी वाढली आहे.' 'मी लवकरच बरी होईन असा विश्वास वाटतो.' आणि ध्येयाच्या रकान्यात, 'रुग्ण चार आठवड्यांत आधाराशिवाय अंगणापर्यंत चालेल.'

केस स्टडी परत आली. ध्येयाखाली मॅडमनी लाल अक्षरात लिहिलं होतं, 'वास्तवाला धरून नाही.' पहिल्या रकान्याखाली त्याहून थोडकं, 'हे शब्द कुणाचे?' आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"दीक्षा, तुमच्या मागे खाटेवर असतात त्याच मंजुळाबाई ना?"

"हो, मॅडम."

"माझ्या पंख्याची खबर घेणाऱ्या?"

"हो, मॅडम. सॉरी, मॅडम."

"सॉरी काय. ती बाई 'आराम वाटत आहे' असं बोलेल? मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत. असं वाक्य आजवर एकाही पेशंटने माझ्यासमोर उच्चारलेलं नाही. पेशंट म्हणतो, मेलो गं बाई. टेबलावरून चार्ट भरलेला मला ओळखू येतो. रविवारी अकरा वाजता तुमची तोंडी परीक्षा घेते. रुग्ण समोर हवा. मी त्यांना विचारणार, तुम्ही ऐकणार. त्यांना आधी विचारून घ्या, चालेल का. नाहीतर ही केस मी पास करू शकत नाही. सत्र जाईल तुमचं."

दीक्षाने ही हकिकत हॉस्पिटलात वैशालीला सांगितली. वैशाली त्याच कोर्सला होती, आणि तिच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा असायचा.

"मग पेशंट बदल. माझी सासू घे. शुगर, बीपी, गुडघे, एका बाईत तीन आजार! आणि स्वतःच्या शब्दांत म्हणशील तर मॅडमचा नेट पॅक संपेल, पण सासू संपणार नाही."

दीक्षा हसली. मग बराच वेळ हात धूत राहिली. खरंच घेते, म्हणाली.

घरी येऊन तिने बुद्धरत्नला हळू आवाजात सांगितलं, चहा गाळता गाळता. अक्काच्या अंगातली सगळी ताकद एव्हाना कानांत जाऊन बसली होती.

"दीक्षे," आतून हाक आली. "हिकडं ये."

दीक्षा गेली.

"माझं नापास झालं काय?"

"तुझं कशाला नापास होईल? माझंच लिहायचं चुकलं."

"मग वैशालीच्या सासूवर कशाला लिवतेस? ती बाय माझ्यापरास आजारी हाय?"

"तसं नाही अक्का. मॅडमना तुझ्याशी बोलायचंय. तुला दम लागतो. उगाच त्रास."

"तोंड हाय ना मला अजून," अक्का म्हणाली. मग डोळे मिटून घेतले. दीक्षाला वाटलं, लागला डोळा. ती उठायला गेली तर अक्का तशीच, मिटल्या डोळ्यांनी बोलली.

"सगळे धडे मला ऐकवलेस. उलटीचा, बाळंतिणीचा, भाजलेल्याचा. त्या बुधवारी कानात बोळे घालून बसलीस. तो कसला धडा व्हता गो?"

त्या दिवशी दीक्षाने इअरफोन लावले होते. तो धडा होता शेवटच्या आठवड्यांतल्या रुग्णाच्या शुश्रूषेचा. रुग्णाला खरं सांगण्याबद्दल त्यात वीस मिनिटं होती.

"औषधांचा," ती म्हणाली. "हिशोब असतात नुसते. तुला कंटाळा आला असता."

"आसंल," अक्का म्हणाली.

वैशालीच्या सासूचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि रविवारी सकाळपासून अक्काची गडबड. लुगडं नेसायचं होतं. पोट पाण्याने एवढं ताणलेलं की गाठ मारणं शक्य नव्हतं, म्हणून गाऊनवरच दीक्षाची निळी ओढणी पांघरली. दीक्षाने केस विंचरले. केस कसले, फणीत जास्त आणि डोक्यावर कमी. ते तिने मुठीत लपवले. अक्काने ते लपवणं बघितलं.

अकराला मॅडम पडद्यावर आल्या. आज त्यांनी घरातलीच साधी साडी नेसली होती.

"नमस्कार, मंजुळाबाई. मी गवाणकर. दमलात तर सांगा, लगेच थांबू. तुम्हाला काय होतंय ते मला तुमच्या शब्दांत ऐकायचंय."

"मॅडम, तिला पोटात वरच्या बाजूला दुखतं, पाठीकडे जातं, आणि..."

"दीक्षा, तुम्ही नाही."

बुद्धरत्न शहाळं हातात घेऊन दारात उभा होता. "आता पुष्कळ सुधारणा आहे, मॅडम. सूज उतरलीय बऱ्यापैकी."

"हे कोण?"

"मिस्टर," दीक्षा म्हणाली.

"त्यांनीही नाही."

अक्का किंचित हसली. हसताना तिचे दात मोठे दिसले, चेहरा आत गेल्यामुळे. तिने ओढणी सारखी केली.

"मॅडम, एक इचारू? मी खरं बोलले तर हिचे मार्क कापणार काय?"

"नाही. खोटं बोललात तर कापेन."

"बरं." तिने दम खाल्ला. "मग लिवून घ्या. मला दुखतं. गोळी दिली की दोन तास थांबतं, ही चार तासांनी देते. मधले दोन तास मी भिंतीकडं तोंड करून ऱ्हाते, म्हंजे हिला दिसायचं नाय. पेज भरवते ती मी तोंडात धरते, आन ही वळली की पंच्यात काढते. पंचा उशीखाली हाय."

दीक्षाचा हात नकळत उशीकडे गेला. पंचा होता. ओला. सहा आठवडे ती रोज सकाळ-संध्याकाळ अक्काची चादर बदलत होती, आणि हा पंचा तिला सापडला नव्हता.

"आणि काय सांगायचंय?" मॅडमचा आवाज खाली आला होता.

"मला मंगळवारी मुंबईला जायाचं नाय."

"अक्का!" दीक्षा पुढे सरकली. "असं नाही करायचं. डोस चुकवून चालत नाही. जीप सांगितलीय."

"चुकला तर काय व्हईल गो?"

दीक्षा चादरीची सुरकुती सारखी करायला लागली. महाडच्या त्या हॉस्पिटलात ती आजवर किती नातेवाइकांसमोर उभी राहिली होती. डॉक्टर निघून गेल्यावर तेच तिच्याकडे बघायचे, आणि तिला योग्य शब्द सापडायचे. बुद्धरत्नने शहाळं जमिनीवर ठेवलं आणि ते कलंडू नये म्हणून धरून तिथेच उकिडवा बसला.

"तीन डोस झाले," अक्का म्हणाली. "पैल्या डोसाला मी चालत गेले. दुसऱ्याला धरून नेलीत. तिसऱ्याला उचलून. मला काय मोजता येत नाय? चाळीस डबे मोजायची मी."

"अक्का, दमू नकोस."

"दमू दे. मॅडम, ही पोर चांगली नर्स हाय. हिला मार्क द्या. हिनं माझं सगळं केलं, गू-मूत काढलं, नाक मुरडलं नाय. एकच करत नाय. बोलत नाय." अक्काला धाप लागली. दीक्षाने तिच्या पाठीखाली हात घालून तिला वर उचललं. वजन असं काही लागलंच नाही. अक्काने तिचं मनगट धरलं, त्या धरण्यात मात्र अजून खानावळीतला जोर होता.

"सगळे येतात, सूज उतरली बोलतात. जावईबापू नागपूरचं तिकीट काढतात. मी बी हो हो करते. तुमाला बरं वाटावं म्हणून. रात-दीस नाटक करून कटाळले गो मी. मला भ्या वाटतं, तर ते कुनाला सांगू? आयला सांगितलं असतं. आय नाय. तू हायस, तर तू कानात बोळे घालतेस."

"मी..." दीक्षा म्हणाली.

"पाचाडला घर बंद हाय. ते उघडून मला तितं ठेव. आंगणात खाट टाक. शेतात भात कापत असतील आता. पर ते तू कवा करशील? तू तोंडानं बोलशील तवा. नायतर मंगळवारी परत जीप यायची." ती थांबली. ओठ कोरडे पडले होते. दीक्षाने सवयीने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यावर फिरवला. अक्काने तो हात बाजूला केला. "मला ठाऊक हाय. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू बोललीस म्हंजे मला रडाया मिळंल. बोल, माजी बाय."

पडद्यावर मॅडमनी चष्मा काढला होता. बुद्धरत्नने मान खाली घातली. बाहेर हायवेवरून एक ट्रक खडखडत घाटाकडे गेला.

दीक्षा खाटेच्या कडेला बसली. अक्काचं ते हलकं डोकं तिने आपल्या खांद्यावर घेतलं, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. मग तिला ते बरोबर वाटलं नाही. तिने डोकं परत उशीवर टेकवलं, अक्काच्या समोर वाकली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.

"तू आता बरी होणार नाहीस, अक्का," ती म्हणाली. "तू मरणार आहेस."